न लिहिलेली कादंबरी सोबत जोडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभिलेख अधिकारी,
अभिलेख कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तीस दिवसांत कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमात भाग घेण्यास परवानगी मिळणे अथवा नाकारली जाणे याबाबत.

संदर्भ : १. माझा एकोणीस वर्षांपूर्वीचा अर्ज (उत्तर अप्राप्त).
२. आपले काल जिन्यातले तोंडी निर्देश : "बाई, रीतसर अर्ज करा, बघू."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी या कार्यालयात सत्तावीस वर्षे मसुदा लिपिक आहे. येथून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र आधी मी लिहिते, मग वरिष्ठ त्यावर सही करतात. याबद्दल तक्रार नाही. नोकरीच ती आहे.

१. शहराच्या वाचनालयाने एक तारखेपासून असा उपक्रम ठेवला आहे की, इच्छुकांनी तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी पुरी करावी. माझ्या मुलीने मला न विचारता माझे नाव दिले. होकार किंवा नकार परवापर्यंत कळवायचा आहे. यजमानांचे म्हणणे, निवृत्तीला दोनच वर्षे उरलीत, एवढी थांबलीस तशी आणखी थांब. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हापासून ते हेच म्हणत आले आहेत. तेव्हा वर्षांचा आकडा मोठा होता, एवढाच फरक.

२. सेवानियमानुसार कर्मचाऱ्याने कोणतेही पुस्तक लिहिण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि अर्जासोबत पुस्तकाचा मजकूर जोडावा. न लिहिलेला मजकूर कसा जोडावा, हे नियमात नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मी हा प्रश्न विचारत बसले नाही. मुकाट्याने चौऱ्याऐंशी पानांची वही जोडली. वही या टेबलावरून त्या टेबलावर गेली, मग कपाटात, मग तळघरात. सात वर्षांनी जुने कागद नष्ट करण्याची यादी निघाली. ती नियमाप्रमाणे मीच केली. अनुक्रमांक दोनशे बारा : "वही, हस्तलिखित, एक. जपण्याची आवश्यकता नाही." गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या पाहून मी भराभर उतरवत गेले, एकही गठ्ठा उघडून पाहिला नाही, आणि खाली "तपासले" असा शेरा मारला. कागद लगद्याला गेल्यावर तीन दिवसांनी माझ्या लक्षात आले. शेऱ्याखाली आद्याक्षरे माझी आहेत. या कार्यालयात माझ्या नावावर राहिलेले लिखाण तेवढेच.

३. या वेळी परवानगी मागण्याआधी हात चालतो का ते पाहावे, म्हणून रविवारी बसले. नायिका "उक्त खिडकीतून" बाहेर पाहू लागली. तिचा नवरा "सदर इसम" म्हणून आत आला आणि त्याने तिच्या दुःखाची "नोंद घेतली". चार तासांत एक पान झाले. सही करून पाठवले असते तर कुणाला काही वेगळे वाटले नसते. मला भीती वाटते, साहेब. माझी भाषा संपली असावी, आणि पन्नास हजार शब्दांनी ते फक्त सिद्ध होईल. म्हणूनच विषयात "अथवा नाकारली जाणे" असे लिहिले आहे. आपण नाकारलेत तर मला जन्मभर आपल्या नावाने बोटे मोडता येतील, आणि मी घाबरले होते हे घरात कुणाला कळणार नाही.

४. आता जे लिहायचे नव्हते ते. गेल्या वर्षी आपल्या मातोश्री गेल्या. शोकसभेतले भाषण आपण मला लिहायला सांगितलेत. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. आपण दिलेली माहिती एका ओळीची होती : "प्रेमळ होती, बाकी तुम्ही बघा." मी बघितले. चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधून वर्षानुवर्षे वापरणारी, लेकरांची परीक्षा संपेपर्यंत स्वतःचा ताप लपवणारी ती बाई माझी आई होती, आणि तेव्हा ती रुग्णालयात होती. सभागृह रडले. आपणही रडलात, आणि ते खोटे नव्हते. दोन महिन्यांनी माझी आई गेली. घरी पंधरा-वीस माणसे जमली होती. भाऊ म्हणाला, "ताई, तू बोल. तुला येतं." मी उभी राहिले आणि माझ्याकडे काही उरले नव्हते. चष्मा आपल्याकडे गेला होता, तापही. "प्रेमळ होती," एवढे म्हणून मी खाली बसले.

५. कादंबरी तिच्यावरच लिहायची आहे. मला लिहायला दुसरे कुणी नाही. परंतु कार्यालयात केलेला मसुदा कार्यालयाचा असतो, हे मीच लिहिलेल्या परिपत्रकात आहे. सबब विनंती की, सदर भाषणाचा दुसरा परिच्छेद मला परत करण्यात यावा. त्याऐवजी दुसरा हवा असल्यास लिहून देईन. मात्र त्यासाठी आपल्याला आपल्या आईबद्दल बसून सांगावे लागेल.

६. या अर्जाचे उत्तरही प्रथेप्रमाणे माझ्याच टेबलावर मसुद्यासाठी येणार. म्हणून दोन्ही उत्तरे आजच करायला घेतली. नकार आठ मिनिटांत झाला. माझ्या नोकरीतले ते सर्वांत सुबक पत्र असावे. मंजुरीला "आपल्या अर्जाच्या अनुषंगाने" एवढे लिहिले आणि हात थांबला. दुपारची सुट्टी संपता संपता पाहिले तर त्याखाली माझ्याच अक्षरात ओळ होती : "आई पत्र फोडण्याआधी हात धुवायची, आणि ते वाळेपर्यंत आम्ही दोघं भावंडं दारात उभी राहायचो." यात सदर नाही, उक्त नाही. हे आपल्या भाषणातही नव्हते. मी तीनदा तपासले. या वेळी खरोखर तपासले.

तरी परिच्छेद पाचमधील विनंती मागे घेते. चष्मा आपल्याकडेच राहू द्यावा. नकारावर आपण खुशाल सही करावी. मी तो जावक नोंदीत घेईन आणि क्रमांक टाकीन. वाचनालयाला होकार सुट्टी संपायच्या आत कळवला आहे.

आपली (सत्तावीस वर्षे) नम्र,
मसुदा लिपिक, टेबल क्रमांक चार
दिनांक : अठ्ठावीस

सहपत्रे :
१. नकाराचा मसुदा, स्वाक्षरीसाठी तयार.
२. मंजुरीचा मसुदा. जोडलेला नाही. तो कागद मला लागणार आहे.