कॅच अप म्हणजे गाठणे?

३ फेब्रुवारी
आज संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात नवा शब्द — कॅच अप. मला वाटलं, चेंडू झेलणं! सगळे फिदीफिदी हसले. बाई म्हणाल्या, "मागे पडलेल्याने पुढच्याला गाठणं." बाई माझ्या निम्म्या वयाच्या, पण समजावतात छान. आता इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं, तर माझी त-त-प-प होणार नाही.

५ फेब्रुवारी
धाकटीचा मेसेज! चार वर्षांनी! आईला कुणी सांभाळायचं यावरून आम्हा बहिणींचं वाजलं, मग आईच गेली, आणि आम्ही गप्प त्या गप्पच. आता लिहिते काय — "ताई, लेट्स कॅच अप." म्हणजे? मी मागे पडलेय, धावत जाऊन हिला गाठू? ती मोठ्या ऑफिसात आणि मी शिलाई मशीनवर, हे मला माहीत नाही का? तळपायाची आग मस्तकात गेली. ठणकावून लिहिलं, "मी कुणाच्या मागेबिगे नाही. तू पळ खुशाल!"

६ फेब्रुवारी
उत्तर नाही. बरं झालं.

७ फेब्रुवारी
बरं कसलं! सारखी फोन बघतेय. एका शर्टाची बाही उलटी जोडली.

१० फेब्रुवारी
वर्गात बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं — कुणी आपल्याला लेट्स कॅच अप म्हटलं तर?
"अहो, छानच की! खूप दिवसांनी भेटू, राहिलेल्या गप्पा मारू, असं." साचलेलं काम, राहिलेली झोप भरून काढणं — तेही कॅच अपच म्हणे.
मेल्याहून मेल्यासारखं झालं! आपल्याकडेही गाठणं वेगळं आणि गाठभेट वेगळी, आहेच की. इंग्रजी शिकायला निघाले आणि मराठीच विसरले!
घरी येऊन चप्पलही न काढता लिहिलं, "चुकलं गं. मला अर्थच कळला नव्हता. रविवारी ये. फार आठवण येते तुझी."

११ फेब्रुवारी
वाचलंय तिने. उत्तर नाही, पण वाचलंय तर खरं! खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग हलवला, पडदे धुतले. येईल. रागीट आहे, पण माझीच बहीण आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार
आली! दार उघडलं — पोट हे एवढं! सातवा महिना, एकोणचाळिसाव्या वर्षी! मला रडूच आवरेना.
"ताई, आई नाही गं आता. मला भीती वाटते. तू येशील ना माझ्याजवळ?"
येणार म्हणजे काय! दुकानाला कुलूप. मी मावशी होणार आहे!