परत येऊ नये अशी होडी

१२ मे, सोमवार

गेली एकदाची! पण उशिरा गेली.

दादा पहाटेपासून कमरेएवढ्या पाण्यात होडी धरून उभा होता. ओहोटी लागली की लगेच सोडायची, हे बाबांनी त्याच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. आणि नेमका जिल्ह्याच्या साहेबांचा फोन – निघालोय, फोटो काढायचाय, थांबा. दादा थांबला! साहेब दोन तासांनी आले, नारळपाणी प्यायले, होडीला हात लावून फोटो काढून घेतले. तोवर पाणी वळायला आलं होतं. दरवेळी मोटरहोडीने ओढत नेऊन दक्षिणेच्या टोकापलीकडे सोडतात. आज टोकाच्या अलीकडेच दोर सोडावा लागला. बाबा असते तर म्हणाले असते, साहेब, तुम्हीच समुद्राला सांगा थांबायला.

होडीत शंभरावर बाहुल्या गेल्या. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक लाकडी बाहुली, तिच्याबरोबर त्या माणसाची नखं, केस आणि मूठभर लाह्या. सहा महिन्यांची सगळी इडापिडा त्यात. माझी बाहुली मीच कोरली – नाक मोडलं, असू दे.

परतताना नुआन काकी सगळ्यांदेखत दादाला म्हणाली, "तुझ्या बापाच्या हातची होडी कधी बेटाला परत लागली नाही. आता लेकाचं काय ते बघू."  दादा घरी येऊन जेवला नाही.

१३ मे, मंगळवार

वारा पश्चिमेचा, जोरात. त्याचा अर्थ मला कळतो, दादालाही कळतो. हा वारा होडी परत बेटाकडे आणतो.

इथे तरी लिहून टाकते. सात दिवसांत होडी बेटाच्या कुठल्याही किनाऱ्याला लागली तर गावाची पीडा परत आली, आणि ती सोडणारा भगत कामाचा नाही. बाबा भगत होते, ते गेल्यावर दादा झाला. नुआन काकीचा मुलगा प्रासित त्या जागेवर टपलेलाच आहे. मला भगतपणाचं एवढं काही नाही. मी अर्धं मानते, अर्धं सोडून देते. पण दादाने ती जागा घेतली त्या दिवसापासून बाटलीला हात लावलेला नाही. पाच महिने! त्याआधी बारा वर्षं मी त्याला धक्क्यावरून उचलून घरी आणलेलं आहे. ते पुन्हा नको. होडी लागलीच असेल तर ती पहिल्यांदा मला सापडली पाहिजे.

शिंपले वेचायला जाते म्हणून सांगितलं आणि स्कूटर काढली. पश्चिमेचा लांब किनारा पायी पालथा घातला. हॉटेलं बंद, खुर्च्या दोरीने सुरूच्या झाडांना बांधून ठेवलेल्या, कुत्री तेवढी हिंडताहेत. समुद्राने काय काय आणून टाकलंय – चपला, थर्माकोल, फ्रिजचं दार. होडी नाही.

ओल्या वाळूत मात्र पावलांच्या शेजारी ठराविक अंतरावर गोल भोकं होती. छत्रीच्या टोकाची. बेटावर छत्री टेकत चालणारी बाई एकच – नुआन काकी. गावापासून इतक्या लांब ती हवा खायला नक्कीच आली नव्हती. म्हणजे तीही शोधते आहे! तिला आधी सापडली तर संपलंच.

१४ मे, बुधवार

वादळ. घरीच. दादाने तीनदा विचारलं, वारा कुठला? तीनदा खोटं सांगितलं. भगताला वारा कळत नाही की काय!

१५ मे, गुरुवार

सकाळी गोट्यांचा किनारा. तिथे वाळूच नाही, नुसते काळे गुळगुळीत गोटे, लाट मागे फिरली की सगळे एकदम खडखडतात. लहानपणी बाबा तिथला एकही गोटा घरी आणू द्यायचे नाहीत. तिथे एखादी होडी लागली तर तिच्या फळ्या फळ्या होतील. फळीही नव्हती.

नंतर कुंपणवाला किनारा. लहान होते तेव्हा त्याला नाव होतं, आता हॉटेलचं नाव आहे. फाटकावरचा पहारेकरी आनन ईसानकडचा, समुद्रापासून लांब भातशेतीतला माणूस. समुद्राकडे पाठ करून बसतो! म्हणाला, मावशी, ही खाजगी जागा आहे, आत जाता येणार नाही. मी म्हटलं, मी जागेवरून जात नाही, पाण्यातून जाते, पाणी कुणाचं ते मालकांना विचारून ठेव. गुडघाभर पाण्यातून गेले. तो काठाने माझ्याबरोबर चालत राहिला आणि सारखं म्हणत राहिला, मावशी बुडाल हो. परत येताना त्याला दोन वाळलेले माकूल मासे दिले. ते घेऊन म्हणाला, काल एक छत्रीवाली आजी पण आली होती, ती तर मला छत्रीनेच मारायला निघाली.

काल! वादळात! आणि मी घरात बसले होते.

१६ मे, शुक्रवार

उत्तरेची खाडी. तिला किनारा म्हणायचं म्हणजे मनाचा मोठेपणा. कांदळाची मुळं आणि मांडीपर्यंत चिखल. एक चप्पल गेली. मुळांमध्ये काहीतरी पांढरं दिसलं, शीडच वाटलं, तशीच चिखलातून तिकडे गेले. पिठाचं पोतं निघालं.

बाहेर आले तर बांधावर नुआन काकी, छत्री उघडून उभी.

"काय शोधतेस?"

"तिसऱ्या. शिंपल्या वेचतेय."

"कांदळात कधीपासून तिसऱ्या मिळायला लागल्या?"

"तुम्ही काय शोधताय?"

"माझं वय झालंय. चालायला सांगितलंय डॉक्टरने." आणि माझ्या एका चपलेकडे बघून म्हणाली, "दुसरी पण टाक आता. एकीचा काय उपयोग?"

रागाने अंग तापलं.  त्रेसष्ट वर्षांची बाई, एक गुडघा गेलेला, आणि फक्त आमचं वाईट बघण्यासाठी एवढी वणवण! द्वेषात माणसाला किती बळ येतं!

१७ मे, शनिवार

शंखांची पुळण. वाळू कमी, शिंपल्यांचा चुराच जास्त, अनवाणी चाललं तर पाय सोलतात. आज दोन्ही चपला होत्या. होडी नाही.

दादा आज बोटांवर दिवस मोजत बसला होता. पाच झाले. म्हणाला, "पिकुल, परत आली तर मी प्रासितला बोलावून सगळं हातात देईन. मी पलीकडे क्राबी शहरात जातो, तिथे बर्फाच्या कारखान्यात काम आहे." बर्फाच्या कारखान्यामागे दारूचं दुकान आहे. ते त्यालाही माहीत, मलाही.

१८ मे, रविवार

सापडली.

टोकामागची लहान पुळण. एवढीच राहिली होती. ओहोटीला दगडांवरून वळसा घालून जाता येतं, परतायला जेमतेम दोन तास मिळतात. पांढरी, पिठासारखी वाळू, वर केवड्याचं बन, माणसाचा मागमूस नाही. बेटावरची सगळ्यात सुंदर जागा ती. आणि तिथेच, केवड्याच्या मुळांत कलंडून पडलेली.

शीड गेलंय. पुढचा लाकडी पक्षी तसाच आहे, दादाने चार रात्री जागून कोरला होता. बाहुल्या बऱ्याचशा आतच, एकमेकींवर. लाह्या फुगून त्यांना चिकटल्या होत्या. मी पाहत राहिले. मग तिथेच बसून रडले. खूप.

ढकलायचा प्रयत्न केला. आत वाळू भरलेली, लाकूड भिजून जड, वीतभरही हलली नाही. आणि हलली असती तरी समोरून वारा, पुढच्या लाटेने परत आणून टाकली असती. मग एक फळी सापडली. तिने वाळू ओढायला लागले. आधी बाहुल्यांवर, मग पक्ष्यावर, मग सगळीकडून. माझी नाक मोडलेली दिसली, तिच्यावरही टाकली. पाणी दगडांना लागेपर्यंत ओढत होते. वरून केवड्याची पानं पसरली. लांबून पाहिलं, नुसती वाळू.

हे बरोबर नाही हे मला कळतं. आजवर कुणी होडी पुरल्याचं ऐकलेलं नाही. पण एक दिवस राहिलाय. आणि दादा मला एकच आहे.

१९ मे, सोमवार

सात दिवस झाले. म्हातारी मंडळी सकाळी धक्क्यावर जमली. कुणाला कुठे दिसली? कुणालाच नाही. प्रासितला खोदून खोदून विचारलं, त्यानेही मान हलवली. नुआन काकी तोंड उघडेल म्हणून मी तिच्याकडेच बघत होते. ती उभी राहून म्हणाली, "गेली. कुठे नाही. मी सगळीकडे पाहिलं." आणि खाली बसली. मी थक्क!

दादाने दोन वेळा माशाचा आंबट रस्सा घेतला. पाच महिन्यांत त्याला असं खळखळून हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, बाबांना आज बरं वाटलं असेल. मी भांडी घासायला उठले.

२० मे, मंगळवार

वारा पडला. समुद्र गुळगुळीत. माकूल वाळत घातले. हाताला वाळू लागली की नको वाटतं.

२१ मे, बुधवार

सकाळी धक्क्यावर नुआन काकी, पिशवी घेऊन, पलीकडे जाणाऱ्या बोटीची वाट बघत. मला बघून स्वतः जवळ आली. माझा हात धरला! म्हणाली, "आज वान्नीचं ऑपरेशन आहे क्राबीला. माझ्या पोरीच्या पोटात गाठ आहे. चार महिने झाले, कुणाला बोलले नाही. तिच्या दुखण्याची वेगळी बाहुली मी गुपचूप होडीत ठेवली होती. म्हणून हिंडत होते गं. टोकामागे मात्र या गुडघ्याने जाता येईना. रविवारी संध्याकाळी डोंगरावरच्या रस्त्यावरून पाहिलं, नुसती वाळू. गेली बघ, पिकुल. तुझ्या दादाला सांग, म्हातारीने पाया पडून सांगितलंय म्हणून."

बोट सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

ओहोटी साडेदहाला आहे. वान्नीची बाहुली मीच वाळूत पुरली. फावडं काढून ठेवलंय. पण एकटीच्याने होडी पाण्यापर्यंत यायची नाही. दादाला हाक मारते.