पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. तानाक्कास,
सयाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. पत्र असंच सुरू करायचं हे शाळेत शिकवलं होतं, आणि नगरपालिकेत तीस वर्षं तेच केलं. आधी 'सगळं ठीक' लिहायचं, मग काय आहे ते बघायचं. तुझ्या भावजयीचे गुडघे कुरकुरतात. ती स्वतः मात्र गेले आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. पोरगा अमरसिंह कारखान्यातून वेळेवर घरी येतो. थंडी अजून म्हणावी तशी पडलेली नाही.

हे पाकीट दूधगाडीवाल्या गुंडूकडे दिलंय, आणि बजावून सांगितलंय की तुझ्या हातात द्यायचं नाही, सुनेच्या हातात द्यायचं. तू ते न फोडता चुलीत घालशील. स्वप्नाली, बाळ, तुझी सासू चष्मा लावत नाही, म्हणून वाचायचं काम तुझ्याकडे आलं. मोठ्यानं वाच. मध्ये थांबावंसं वाटेल. थांबू नकोस.

आक्का, फोन तू उचलत नाहीस. तीनदा वाडीवर येऊन गेलो. पहिल्यांदा दार लावलंस. दुसऱ्यांदा टीव्ही मोठा केलास. तिसऱ्यांदा दारात आलीस तेव्हा मी म्हणालो, "आक्का, विहिरीचं पाणी पिऊ नकोस, हात जोडतो." तू आत गेलीस, तांब्या भरून आणलास आणि माझ्यासमोर उभ्यानं सगळा रिकामा केलास. वर म्हणालीस, "तुझ्याच कागदात लिवलंय न्हवं, पाणी पिण्यास योग्य म्हणून? का आता दुसरा कागद निघाला व्हय?"

त्या तांब्यामुळे हे पत्र लिहितोय. मी नुसतं 'पिऊ नको' म्हणून भागणार नाही हे मला त्या दिवशी कळलं. का म्हणतोय तेही सांगावं लागणार.

बांधावर रोज सकाळी मी पाण्याचे दोन कॅन ठेवून जातो, ते तू म्हशीला पाजतेस असं गुंडू सांगतो. अख्ख्या जिल्ह्यात फिल्टरचं पाणी पिणारी ती एकटीच म्हैस असेल. दूध वाढलं का?

बघ, परत सुरू झालो. जीभ वळवळायची थांबत नाही. मुद्द्यावर येतो.

स्वप्नाली लग्न होऊन आली तेव्हा वरची खाण भरत आली होती, म्हणून तिच्यासाठी थोडं मागचं. वाडीच्या वरच्या अंगाला खडीची जुनी खाण. दगड संपला, क्रशर गेला, खड्डा राहिला. रिकामा खड्डा बघून नगरपालिकेला काय सुचतं ते सांगायला नको. अठरा वर्षं सगळ्या गावाचा कचरा तिथं पडला. मी तिथला स्वच्छता निरीक्षक. म्हणजे स्वच्छतेचं निरीक्षण करायचं, आणि ती दिसली नाही तर तसं लिहायचं नाही.

आता नियम कडक झालेत. जुना कचरा डेपो नुसतं कुलूप ठोकून बंद करता येत नाही. आधी तपासणी करायची. डेपोच्या खालच्या अंगाला जी विहीर असेल तिचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं. खराब निघालं तर खाण उकरून आत काय पुरलंय ते बघायचं, आणि वस्तीला पाणी दुसरीकडून द्यायचं. चांगलं निघालं तर वर मातीचा थर, त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद, परत माती, गवत, कुंपण, चार झाडं आणि ती लावायला एक प्रमुख पाहुणा.

खालच्या अंगाला विहीर एकच. तुझी.

मे महिन्यातला तो शुक्रवार तुला आठवत असेल. दोन दिवस मोटार लावून तू विहीर उपसलीस. गडी उतरवून कपारी खराट्यानं घासून घेतल्यास. काठाला चुना मारलास, रांगोळी घातलीस, मोटारीला हळदकुंकू लावलंस. घरात मुलगी बघायला माणसं येणार असावीत अशी विहीर नटवली होतीस. बाटली भरायला आलेल्या प्रदूषण मंडळाच्या पूर्णिमा मॅडम पाण्यात वाकून म्हणाल्या, "आजी, किती नितळ पाणी आहे हो." तू पदर सारखा केलास. "आमच्या मालकांनी सोताच्या हातानं खणलीया. सहा परस खोल. च्या घेतल्याबिगार जायाचं न्हाय, पावणं."

ऑगस्टमध्ये अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य.

आठ दिवसांपूर्वी घरी मला खरं काय ते विचारलं तेव्हा मी सांगितलं की चूक आक्काची झाली. भोळी आहे. पाहुणे येणार म्हटलं की ती विहीरसुद्धा धुऊन ठेवते, आता तिला कोण काय बोलणार? हे वाक्य मी इतक्यांदा घोकलंय की मला ते खरंच वाटायला लागलं होतं. तुझ्या भावजयीनं मला एकच विचारलं. "पावणं येणारेत म्हणून आक्कांना फोन कुणी केलता?"

मी केलता.

आदल्या रविवारी. आठव. "आक्का, शुक्रवारी मोठे पाहुणे विहिरीवर येणारेत. जरा नीट दिसू दे. दाजींचं नाव राहिलं पाहिजे." नमुना, तपासणी, प्रयोगशाळा, यातला एकही शब्द मी उच्चारला नाही. दाजींचं नाव मात्र घेतलं. दहाव्या वर्षापासून तुझ्या घरी वाढलोय मी. पाहुणा म्हटल्यावर तू काय करतेस हे मला जितकं माहीत आहे तितकं तुझ्या पोटच्या सम्राटलाही नसेल. घरात गूळ नसला तर शेजारून आणून तू चहा केलेला आहेस, आणि तो शेजारी चहाला बसलेला होता. तू विहीर उपसणार हे मी फोन ठेवण्याआधीच ओळखून होतो.

आणि गुरुवारी तळ उघडा पडल्यावर तू घाबरून मला फोन केलास. "सया, पावण्यास्नी कोरडी हीर दावू व्हय रं?" मी तासाभरात नदीच्या पाण्याचे दोन टँकर आणून आत ओतायला लावले. तू शेजाऱ्यांना सांगत होतीस, माझा भाऊ वेळेला उभा ऱ्हातो. आक्का, त्या बाटलीत तुझ्या विहिरीचं पाणी गेलंच नाही. मंडळानं नदी तपासली आणि दाखला विहिरीला दिला.

असं का केलं? कारण खाण उकरली असती तर निळी पिंपं वर आली असती. क्रोम प्लेटिंगच्या एका कारखान्याचा पिवळा गाळ. अकरा वर्षांपूर्वी भर दुपारी ट्रक येत होते आणि फाटकाची किल्ली माझ्याकडे होती. गावच्या कचऱ्याला परवानगी होती, असल्या विषाला नव्हती. मी विचारलं नाही. त्याच वर्षी अमरसिंह त्या कारखान्यात कामाला लागला, आणि तू त्याचे पेढे वाडीभर वाटलेस. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतोय. सहा महिने खाण गप्प बसली असती तर हारतुरे घेऊन घरी गेलो असतो. इतकंच हवं होतं मला.

वाडीला टँकरचं पाणी चालू आहे, विहीर धुण्याभांड्याला आणि जनावरांना, मग कुणाचं काय बिघडतंय, असं मी मनाला समजावलं होतं. एक गोष्ट मी धरलीच नव्हती. विहीर चांगली ठरली की त्याच अहवालावर टँकर बंद होतो. ती फाइल माझ्याच टेबलावर आली. मी सही केली. या महिन्याच्या एक तारखेपासून टँकर बंद.

आणि तीन तारखेला शाळेच्या पटांगणात डेपो बंद करण्यावर सुनावणी.

त्याबद्दल लिहायचं मी दोन पानं टाळलं. तू उठलीस आणि म्हणालीस, "सायेब, हिरीचं पाणी पिवळं येतंय. हंडा भरून ठिवला की बुडाला रंग धरतोय." आमच्या मुख्याधिकारी साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी माईक घेतला. दोनशे माणसं. मी म्हणालो, "आमच्या तानाक्का चष्मा लावत न्हाईत. त्यामुळं त्यास्नी पाणी पिवळं आन् भाऊ काळा दिसतोय."

काय हसली माणसं! साहेबांच्या डोळ्यात पाणी आलं. तू चपला शोधल्यास आणि चालत घरी गेलीस. चष्म्याबिगार तुला जे दिसलं, ते मला नाकावर चष्मा असून दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला दिसत होतं.

सम्राटला बिद्रीला फोन केला होता, साखर कारखान्यावर. म्हणालो, घरी सांग, विहीर बंद करा. तो म्हणाला, "मामा, भर सभेत आईवर समद्यास्नी हसवलासा. आता आनि काय ऱ्हायलंय?" आणि ठेवला. बरोबर आहे त्याचं.

सभेनंतर चार दिवसांनी गुंडू मला बोलता बोलता म्हणाला, "साहेब, तुमच्या बहिणीच्या घरात पाळणा हलणार. सुनेला सहावा लागलाय." त्याला वाटलं मी पेढे मागवीन. मी मोटारसायकल काढली, तू रानात होतीस तेव्हा विहिरीतून बाटली भरली आणि शहरातल्या खाजगी प्रयोगशाळेत दिली. यावेळी रांगोळी नव्हती. अहवाल सोबत जोडलाय. क्रोमियम, मर्यादेच्या चौदा पट.

स्वप्नाली, हे वाचताना तुझा आवाज बसला असेल. पाणी पी, असं म्हणायचं होतं. बघ, तेसुद्धा म्हणता येत नाही.

नीट ऐका आता दोघी. हे पाणी उकळून चालत नाही. तुरटी फिरवून, फडक्यातून गाळून, उन्हात ठेवून काही होत नाही. स्वयंपाकालाही नको. म्हशीलाही नको. बांधावरचे कॅन घ्या. माझं तोंड बघू नका, कॅन घ्या. मी रोज ठेवीन आणि साधं न खोकता निघून जाईन. आक्का, उद्याच्या उद्या पोरीला तालुक्याच्या डॉक्टरांकडे ने आणि हा अहवाल त्यांना दाखव. आक्का, माझ्यावरचा राग तू पाणी पिऊन काढू नकोस गं. पाहिजे तर मला वाडीत बोलवून चपलेनं मार. पण तो तांब्या खाली ठेव.

आणि एक काम आहे. ते तुझ्याशिवाय होत नाही.

डेपो बंद करण्यावर हरकत द्यायची मुदत येत्या सोमवारी, चोवीस तारखेला संपते. त्यानंतरच्या गुरुवारी प्रमुख पाहुणे येऊन झाड लावणार. एकदा वर माती पडून गवत आलं की ती पिंपं कुणी उकरत नाही, आणि टँकरही परत येत नाही. मी साहेबांपुढं सगळं ओकलो. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "सयाजीराव, एकट्या तुमचा जबाब आला तर मी तो फाइलला लावून ठेवीन. विहीर जिच्या नावावर आहे तिची हरकत आली, तर मात्र फेरनमुना घ्यावाच लागेल. पण मग पहिलं निलंबन तुमचं, हे ध्यानात ठेवा." विहीर दाजींच्या मागं तुझ्या नावावर आहे.

हरकतीचा अर्ज लिहून पाकिटात घातलाय. माझा जबाबही आहे, सही करून: ट्रक, पिंपं, फोन, टँकर, सगळं. त्यात तुझी चूक कुठंच नाही, मी तीनदा वाचून बघितलं. नोकरी जाईल, निवृत्तिवेतन अडकेल, अमरसिंहला कारखान्यात कुणी ठेवणार नाही. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तिकडं गेल्यावर सांगणार आहे. आधी सांगितलं असतं तर त्याचं तोंड बघून हे पत्र मी पाठवलं नसतं. मला मी चांगला ओळखतो.

हा जबाब वाडीत चावडीपुढं मोठ्यानं वाचायला लाव. दोनशे माणसं जमव. त्या दिवशी जी हसली तीच सगळी बोलव.

तुला आठवतं का, दाजी रानात गेले की मी चुलीपुढं बसून मास्तरांच्या नकला करायचो. भाकरी थापता थापता तू इतकी हसायचीस की तव्यावरची करपायची, आणि दाजींना तू सांगायचीस की जाळ मोठा झालता. माझ्या जिभेला धार लागली ती तुझ्या त्या हसण्यावर. त्या सभेत सगळे हसले, आणि मी माईक हातात धरून तुझ्याकडे बघत होतो. सवयीनं. तू हसतेस का बघायला.

सोमवारी सकाळी दहाला मी कचेरीच्या पायऱ्यांवर उभा असेन. बोलू नकोस. पुढून निघून जा, आत जा, सही कर. फक्त ये. तू आली नाहीस तर मला काही होणार नाही, आक्का. मी सुटेन. म्हणून ये.

तुझ्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेला आणि तुझ्या घरात येणाऱ्या लेकराला तेच पाणी तोडलेला,
सया