हौद्यातली माती

आबा, काल दवाखान्यात एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या गळ्याला मोठी सूज आणि तिच्यावर वाळून कडक झालेला कसलासा लेप. ओल्या फडक्यानं तो सोडवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मग दिवसभर तुम्हीच डोळ्यांसमोर राहिलात. तुमची लेक नर्स झाली, हे तुम्ही बघितलंच नाही.

तालमीचे वस्ताद म्हणून तुमचा केवढा दरारा. निखळलेला खांदा तुम्ही बोलता बोलता बसवायचात. कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती स्वतः एकजीव करायचात, आणि दमलेला गडी तिच्यात लोळला की ताजातवाना होऊन उठायचा. म्हणूनच प्लेगच्या साली सगळी पेठ माळावर झोपड्यांत राहायला गेली, तेव्हा लोक गाठीवर लावायला मूठभर माती मागत तुमच्याकडे यायला लागले. तुम्ही कुणालाच दिली नाहीत. वस्ताद माजला, माती काय सोन्याची आहे का, असं लोक तोंडावर बोलून गेले. मलाही तुमचा राग यायचा. द्यायला यांचं काय जातंय, असं वाटायचं.

मग आपल्या धाकट्याच्याच जांघेत गाठ आली. चार वर्षांचं पोर ते. आई तुमच्या पायाशी बसली आहे, माती आणा म्हणते आहे, आणि तुम्ही तिच्याकडे न बघता पटका बांधताय.

"अंग दुखायचं मातीनं थांबतंय, गाठ न्हाय," तुम्ही म्हणालात. "गुण येतोय म्हणून ठाव असतं, तर गावाला वाटली नसती व्हय? लोक लेप लावून बसत्यात, आन् डॉक्टरकडं जायचं ऱ्हातंय."

आणि डॉक्टरांना आणायला तुम्ही भर उन्हात चालत निघालात.

परत आलात तेव्हा गाठीवर माती होती. डॉक्टरांनी ती धुवायला लावली. धुताना तो कळवळून ओरडला, ते मला अजून ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. मातीनं गेला असं मी म्हणणार नाही. त्या तापातून फार थोडे उठायचे, आणि डॉक्टरांच्या पेटीतही तेव्हा फारसं काही नव्हतं. पण तुम्ही आईला दोषी धरलंत. "माझ्याच घरात माझं कुणी ऐकलं न्हाय," एवढंच म्हणालात आणि पुढे कित्येक महिने तिच्याशी धड बोलला नाहीत. ती खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

आता असे लेप धुताना मी कुणावर रागावत नाही. लावणारीच्या मनात काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कालच्या बाईला मी एवढंच सांगितलं, की सूज वाढली तर घरी थांबू नको, इकडेच ये.

हे पत्र धाडायला ठिकाण नाही. ट्रंकेत लुगड्यांखाली पडून राहील. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून आईनं कुणा गड्याकडून माती मागवली असंच तुम्हाला वाटलं असणार, तुमच्या मनात माझं नावसुद्धा आलं नसणार. त्या दुपारी आईचा जरा डोळा लागला, आणि मी माळावरून पळत पेठेत गेले. तालमीत चिटपाखरू नव्हतं. हौद्यात उतरले आणि ओच्यात माती भरून आणली. ती लावल्यावर तो घटकाभर शांत झोपला, तेव्हा मला वाटलं, आबांना काय कळतंय. जागी झाल्यावर आईला सगळं कळलं. तिनं तुमच्यापुढे माझं नाव काढलं नाही. तुम्ही होता तोवर मीही काढलं नाही.