माझी नळी ठणठणीत आहे

४ जून
अन् वर मलाच म्हणतात, तू यंदा गावातच राहा! एक शिंक काय आली, ह्यांनी लगेच डोक्यातल्या शंटचं नाव काढलं. डोक्यातलं जादा पाणी ती नळी पोटात सोडते. इतकी वर्षं गुपचूप काम करते, कुरकुर करणारे घरात दुसरेच आहेत. आता घोड्या वरच्या कुरणावर जाणार. त्यांचं दूध आंबवून कुमीस कोण घुसळणार? नुरझात? सूनबाईंना चहा धड उकळता येत नाही. ह्यांचा निकाल: आधी नारीन शहरातल्या डॉक्टरला डोकं दाखव, मग वर चल.
साधी सर्दी आहे. उद्या बरी होणार म्हणजे होणार.

५ जून
गार वारं लागलंय. सुनेनं खिडकी उघडी टाकली होती. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधात घातली, वाडगाभर प्याले.

६ जून, सकाळी
ओकले. चरबी शिळी असणार. गोठ्यामागे गेले होते, कुणी पाहिलं नाही.

दुपारी
नुरझातनं पाहिलं. म्हणे, आई, ताप, ओकारी, डोकेदुखी एकत्र आली की लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय ना? तापच नाही म्हटलं. थर्मामीटर मी पिठात लपवलाय.

८ जून
डोकं ठणकतंय. कारण सापडलं! परवा कोकरानं ढुशी दिली, मेंदू जागचा हलला. कल्बूबू आपाकडे गेले. गावातले हललेले मेंदू तीच बसवते. दोरीनं डोकं मापलं, कोळशानं खुणा केल्या. उजवी बाजू बोटभर जास्त भरली. बघा! मग दातांत चाळणी धरायला लावून चाळणीवर ठोकलं, रुमाल करकचून बांधला. म्हणाली, सोडशील तर बघ!
उजवीकडे नळीचा उंचवटा आहे, पण आपाला कशाला सांगा? उगाच गोंधळली असती.

९ जून
डोकं फुटतंय. मेंदू जागेवर येतोय.

१० जून, नारीन
मी आले नाही, ह्यांनी आणलं. डॉक्टरीण सुनेच्या वयाची. रुमाल सोडला, अर्धं दुखणं तिथंच गेलं. योगायोग. डोक्याचे आतले फोटो काढले. नळी ठीक! म्हणाली, ताप सर्दीचा, ओकारी चरबीची, डोकेदुखी रुमालाची. मी ह्यांना म्हटलं, सांगत नव्हते? तर ती म्हणते, नळी तुंबली असती तर आज सांगायला उरला नसतात. ताप लपवलात, आता तो जाईपर्यंत इथंच.

१८ जून
घरी. गोठा रिकामा. हे, सूनबाई, घोड्या, तंबू, सगळं वर गेलं. शेजारीण वरून आली. म्हणाली, तुझ्या सुनेचा कुमीस प्यायला अख्खं कुरण लोटतंय. कुणी माझं नाव काढलं का, विचारलं. म्हणाली, हो तर, तुझे हे सगळ्यांना सांगतात, यंदा घरात कशी शांतता आहे.
ती उद्या परत वर जाणार. ह्यांना निरोप दिलाय: मला न्यायला घोडा घेऊन कोण येतंय? रविवारपर्यंत उत्तर पाहिजे.