मऊ रबराचे टायर

ठमे,

आईला घेऊन घाटात जातोय. गाडी तीच चालवणार आहे, रागावू नकोस. काल डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन जे सांगितलं, ते तिने दाराआडून ऐकलंय.

सकाळी इलेक्ट्रिक गाडीला नवे टायर बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "काका, वळणावर यांची पकड एक नंबर. पण रबर मऊ, आणि बॅटरीमुळे गाडी जड. एका उन्हाळ्यात झिजतील. ते दुसरे घ्या, तीन वर्षं बघायला नको."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हेच बसवा. एक उन्हाळा पुरे."

तो हसला. मला तिथे उभं राहवेना.

जेवण झाकून ठेवलंय. फोन करू नकोस, तिच्यासमोर मला रडता येत नाही.

– बाबा