अकरा नंबरची डिश

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. परवा प्रयोगशाळेच्या बैठकीत तू सगळ्यांदेखत म्हणालास, धाकटीला सूक्ष्मदर्शकात हवं तेच दिसतं. लोक हसले. घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की शेजारीण विचारायला आली.

तुझे उंदीर मला तोंडपाठ आहेत. डांग्या खोकल्याच्या लशीत जंतूचं विष उरलंय का, हे बघायला लशीच्या दर खेपेमागे ढीगभर उंदीर. आधी लस टोचायची, काही दिवसांनी दुसरं औषध, जे विष उरलं असेल तरच उंदराला मारतं, मग मेलेले मोजायचे. गेल्या उन्हाळ्यात खोली गार ठेवणारं यंत्र बिघडलं, उंदीर उकाड्यानेच पटापट मेले आणि लशीची चांगली खेप विषारी समजून फेकली गेली. दवाखान्यांतून बाया लेकरं घेऊन तशाच परतल्या. तेव्हा तुझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

माझ्या चाचणीत लशीचे थेंब डिशमधल्या पेशींवर टाकायचे. विष असेल तर पेशी घोळका करतात, नसेल तर आपापल्या जागी पसरतात. एवढं सरळ आहे, पण तुला पटत नाही. लहानपणी मला हाच खोकला झाला होता. मी निळी पडायचे आणि तू मला उभी धरून बसायचास. ते भय तू अजून सोडलेलं नाहीस. मला कळतं, म्हणूनच जास्त राग येतो. माझ्या नावाने घाबरणं आता पुरे कर.

भांडायचं असतं तर फोन केला असता. बैठकीआधी साहेबांनी तुला नुसते नंबर घातलेले चोवीस डिशचे फोटो तपासायला दिले होते, आठवतं? ते माझ्या डिशचे होते. तुला ते माहीत नव्हतं, आणि दुसरा तपासणारा तू आहेस हे मलाही नव्हतं. आज साहेबांनी खऱ्या उत्तरांचं बंद पाकीट उघडलं. तेवीस ठिकाणी आपलं उत्तर एकच. अकरा नंबरवर मी 'विष नाही' लिहिलं, तू 'आहे'. विष होतं, अगदी थोडं, पण होतं. मी ती लस पास केली असती, दादा. शुक्रवारी माझ्या चाचणीच्या मंजुरीवर आपल्या दोघांच्या सह्या हव्यात. माझ्या सहीवर मी अट लिहिलीय, दोघांनी तपासल्याशिवाय एकही खेप बाहेर जाणार नाही. दुसरे डोळे तुझे लागतील. चष्मा घेऊन ये.

तुझीच, राग न गेलेली,
धाकटी